चौथ्या रांगेतला झेंडा

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या वेल्टीज मिल गावात आग विझवायच्या नळांनासुद्धा लाल-पांढरा-निळा रंग दिला होता. झेंडा नाही असं दार शोधून सापडलं नसतं. आणि त्याच गावात लुएला हार्टझेल एका झेंड्यासाठी झुरत होती.

झेंडा तिला हवा होता तो मुलाच्या थडग्यावर. वेंडल एकुलता एक. व्हिएतनामला गेला, वर्षाने रजेवर घरी आला आणि परत गेलाच नाही. अकरा दिवस आत्याच्या, म्हणजे आर्डिथच्या, गवताच्या कोठारात लपून राहिला. बाराव्या दिवशी बापाने, एमरीने, त्याला स्वतःच्या गाडीत घालून छावणीवर नेऊन सोडलं. सैन्याने 'अनिष्ट' असा शेरा मारून त्याला काढून टाकलं. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत तो तळ्याच्या पातळ बर्फावर एकटाच चालत गेला. पाय घसरला असेल, असं गावात कोणी म्हणालं नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, गावातल्या प्रत्येक सैनिकाच्या थडग्यावर छोटा झेंडा लागायचा. हे काम माजी सैनिकांच्या मंडळाचं, आणि मंडळाचा प्रमुख एमरी. झेंड्यांची लाकडी पेटी त्याच्याकडे, यादी त्याच्या हातची. यादीत जेवढी नावं, पेटीत तेवढेच झेंडे. तीन वर्षं तो चौथ्या रांगेत यायचा, वेंडलच्या आजोबांच्या थडग्यावर झेंडा खोवायचा, वेंडलवरून पुढे जायचा आणि मामाच्या थडग्यावर खोवायचा. लुएला पिओनीच्या फुलांची बरणी घेऊन तिथेच उभी असायची. तो तिच्याकडे बघायचा नाही.

त्या हिवाळ्यात वाचनालयात तिच्या हाती एक पुस्तिका आली. हा मेमोरियल डे आमच्याकडेच सुरू झाला, असं सांगणारी गावं देशात कितीतरी होती. तिच्या मनाने घेतलं की मुळाशी जाऊन बघायचं. ज्या बायांनी पहिल्यांदा थडग्यांवर फुलं वाहिली, त्यांनी कोणाला वाहिली? कोणाला वगळलं? एवढं कळलं की एमरीसमोर ठेवता येईल.

"म्हणजे नवऱ्याला एक वाक्य बोलायला तू सगळा देश पालथा घालणार," आर्डिथ म्हणाली.

"गाडी तुझी आहे, म्हणून विचारतेय."

"मग आधीच सांग ना! मला वाटलं माझ्या अकलेवर भिस्त आहे."

आर्डिथने लग्न केलं नव्हतं, तोंड तिखट होतं, आणि ते अकरा दिवस तिच्याही उरावर बसलेले होते. एमरीला त्यांनी सरळ सांगितलं. तो म्हणाला, "चाकांतली हवा बघून घ्या." बाकी काही नाही.

पहिलं गाव जवळचंच, बोल्सबर्ग. दफनभूमीच्या फाटकाशी एक म्हातारी तण उपटत होती. तिने गावात सांगतात ती गोष्ट सांगितली. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू असताना कोणी बापाच्या थडग्यावर फुलं आणली, कोणी मुलाच्या. तिथेच त्यांची गाठ पडली, आणि पुढल्या वर्षी एकमेकींच्या माणसांनाही फुलं वाहू, असं ठरलं.

"त्यांच्याकडे यादी होती का हो?" लुएलाने विचारलं.

"यादी? अगं बाई, रडायला आलेल्या बायका त्या. यादी किराण्याची करतात."

लुएला खूप दिवसांनी हसली. ते हसू न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरलूपर्यंत टिकलं. तिथे विटांच्या घरात संग्रहालय होतं आणि टाय लावलेले एक गृहस्थ. हा दिवस आमच्याच गावात सुरू झाला, यावर राष्ट्राध्यक्षांची सही आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. एका दुकानदाराने कल्पना काढली, सेनापतीने उचलून धरली, झेंडे अर्ध्यावर उतरवले, मिरवणूक तीन दफनभूमींत गेली.

"यादी होती का?"

"बाईसाहेब, मिरवणूक म्हटली की सगळं शिस्तीतच येतं."

बाहेर आल्यावर आर्डिथ म्हणाली, "घुसले की नाही पुरुष! आता चल घरी. एक म्हणतं नव्हती, एक म्हणतं होती. बरोबरी झाली."

पण लुएलाला बरोबरी नको होती. मग त्या दोघी दोन दिवस गाडी हाकत खाली मिसिसिपीत, कोलंबसला गेल्या. वाटेत तळलेला मासा खाऊन आर्डिथचं पोट बिघडलं आणि त्या माशाला तिने पुढे जन्मभर शिव्या घातल्या.

कोलंबसच्या दफनभूमीत मॅग्नोलियाची जुनी झाडं होती. देखभाल करणारी बाई सावलीत बसली होती. तिने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "इथल्या बायकांनी दोन्हीकडच्यांना फुलं वाहिली. आमच्याही आणि तुमच्या उत्तरेच्याही. शत्रूच होते ना ते, आमची पोरं मारणारे."

लुएला तिच्याजवळ गवतावर बसली. "कोणी अडवलं नाही?"

"कोण अडवणार? त्यांच्या आया लांब होत्या, एवढंच बघितलं."

"ते उत्तरेचे कुठे आहेत? मला बघू दे."

"ते आता नाहीत गं. पुढल्या वर्षी सरकारने उकरून सरकारी दफनभूमीत नेले. ज्याचे त्याचे वेगळे केले."

लुएला त्या मोकळ्या गवताकडे बघत राहिली. आर्डिथने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. "शकुन-अपशकुन बघू नकोस. तुला हवं ते मिळालंय. चल."

घरी पोचल्यावर लुएलाने एमरीला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. तो कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होता.

"त्यांनी शत्रूला वाहिली, एमरी. आपला तर मुलगा होता."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शत्रूला फूल वाहणं सोपं असतं, लुएला. शत्रू त्याच्या जागेवर उभा असतो, पळत नाही. लेस्टर कुंकल वेंडलच्याच तुकडीत होता. तो परत गेला आणि मेला. त्याच्या आईला, इर्माला, मी काय तोंड दाखवू?"

"इर्माने तुला कधी काही म्हटलंय?"

"तिला म्हणावं लागू नये, हे माझं काम आहे."

कप धुऊन तो बाहेर गेला. एवढी वाट तुडवून आणलेलं वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं.

मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी चर्चहून आल्यावर एमरी खुर्चीत डुलकी घेत असताना लुएलाने कोठीतल्या पेटीतून एक झेंडा काढला. सोमवारी भल्या सकाळी दफनभूमीत जाऊन तिने तो वेंडलच्या उशाशी खोवला. वारा होता. झेंडा फडफडला. मुलगा गेल्यापासून तिला असं शांत वाटलं नव्हतं. पेटीत मोजून झेंडे असतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या घडीला तिला ते आठवलं नाही.

एमरी यादी आणि पेटी घेऊन आला. चौथ्या रांगेत तो थांबला. झेंडा बघितला, तिला बघितलं. ओठ हलल्यासारखे झाले, आणि तो पुढे गेला. त्याने झेंडा उपटला नाही! शेजारी उभ्या आर्डिथने लुएलाचा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

नवी थडगी शेवटच्या रांगेत होती. तिथे सगळ्यात शेवटचं लेस्टर कुंकलचं. त्याची आई इर्मा टोपी घालून उभी होती. एमरीने पेटीत हात घातला. पेटी रिकामी होती.

बँडवाले फाटकाशी येऊन थांबले होते. एमरीने पेटी उलटी करून बघितली. इर्माने मान वळवून चौथ्या रांगेकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"राहू दे, एमरी," ती म्हणाली. "लेस्टरला यंदा नको. पोरं शाळेपासून एकत्र होती."

"तो यादीत आहे, इर्मा."

"मी आई आहे त्याची. मी सांगतेय ना."

"तो यादीत आहे."

तो परत चौथ्या रांगेत आला. वाकला तेव्हा त्याचा गुडघा कटकन वाजला. लुएला अगदी जवळ उभी होती. आडवी झाली असती तर झाली असती. पण पलीकडे लेस्टरचं बिनझेंड्याचं थडगं दिसत होतं, आणि तो झेंडा तिनेच पळवला होता. तिने हात उचलला नाही. एमरीने झेंडा काढला, बुटाच्या टाचेने ते एवढंसं भोक बुजवलं आणि तो चालू लागला.

त्यानंतर लुएलाने झेंड्याचा विषय काढला नाही. एमरी १९८३ साली हृदयविकाराने गेला. त्यानंतरच्या पहिल्याच मेमोरियल डेपासून त्याच्या थडग्यावर झेंडा लागतो. पेटी मंडळाकडे द्यायच्या आधी लुएलाने ती उपसून बघितली. एखादा जादा झेंडा, खोडलेलं नाव, काहीतरी सापडेल असं तिला वाटत होतं. काही सापडलं नाही. पुढचा प्रमुख तरुण होता. तो अदबीने म्हणाला, "एमरीकाकांची यादी आम्ही बदलत नाही."

इर्मा कुंकल मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठ्याऐंशीपर्यंत, दर वर्षी पिओनीच्या दोन बरण्या आणायची, एक लेस्टरला आणि एक वेंडलला. आर्डिथने कोठार पाडून टाकलं, म्हातारपणी वृद्धाश्रमात गेली आणि मिसिसिपीच्या माशाला नावं ठेवत तिथेच वारली. लुएला १९९१ च्या मार्चमध्ये गेली. नवऱ्याशेजारी नको, मुलाच्या पलीकडे ठेवा, असं तिने लिहून ठेवलं होतं, तसंच केलं.

आजोबांच्या थडग्यावर झेंडा असतो, मामाच्या असतो, एमरीच्या असतो. यादी अजून तीच आहे.