उलटा प्लग

कळमनुरीच्या शाळेत अमृतराव सर सतरा वर्षं विज्ञान शिकवत होते. पंच्याहत्तर साली हट्टा गावच्या सुभद्राबाई तिथं रुजू झाल्या आणि दोन महिन्यांत पोरं प्रयोगशाळेत त्यांच्याभोवती गोळा व्हायला लागली. अमृतरावांना ते सहन होईना. पूर्वी हीच पोरं त्यांच्या मागंमागं फिरायची.

हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी एक यंत्र केलं. दिवा किंवा इस्त्री किती वीज खाते ते त्यावर दिसायचं. पत्र्याच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर, बॅटरी आणि वर काटा. हेडमास्तर येता-जाता म्हणायचे, "आपल्या बाई लई हुशार." अमृतरावांनी त्याच प्रदर्शनासाठी बनवलेल्या विजेच्या घंटेकडं ते बघतही नसत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाई पाणी प्यायला गेल्या होत्या. यंत्र चालू होतं. अमृतरावांनी सहज टेस्टर काढून डब्याला टेकवला. टेस्टर लाल पेटला.

त्यांना लगेच कळलं. बाईंनी आतली जोडणी थेट विजेच्या दोन तारांपैकी एकीला केली होती आणि डबाही तिलाच जोडला होता. शाळेत प्लग ज्या बाजूनं लागायचा, त्या बाजूनं काही होत नव्हतं. इथं दोन पिनांचा प्लग उलटा बसला होता आणि डब्यात वीज आली होती.

त्यांनी टेस्टर खिशात टाकला. 'बसू दे एक झटका. सगळ्यांसमोर बसू दे.'

परीक्षक आले. फरशी नुकतीच धुतलेली, ओली. बाईंनी चपला बाजूला काढल्या होत्या. "आत कसं आहे ते दाखवते," म्हणत त्यांनी दोन्ही हात डब्याकडं नेले.

अमृतरावांनी झेप घेऊन प्लग उपटला.

"काहून काढलं, सर?" बाईंचा आवाज चढला. "माझं काम तुमाला बघवत न्हाई का?"

अमृतरावांनी हात लावू नका म्हणून बजावलं, प्लग परत लावला आणि डब्याला टेस्टर टेकवला. लाल उजेड बघून बाईंचा चेहरा उतरला.

"तुमाला कधी कळलं?"

"सकाळी."

"आन् बोलला न्हाईत?"

अमृतरावांनी प्लग काढून ठेवला. परीक्षक पुढच्या टेबलाकडं सरकले. जाता जाता म्हणाले, "दुरुस्त करा, परत येतो."

अमृतरावांनी आपली घंटा उघडली, तिचा ट्रान्सफॉर्मर काढून बाईंपुढं ठेवला. "दिव्याची वीज याच्या जाड तारेतून जाऊ द्या. तुमचा काटा पातळ तारेवर जोडा, तिच्या दोन टोकांत रेझिस्टर टाका. दोन्ही तारा एकमेकींना कुठं भिडत न्हाईत. डब्यात वीज येणार न्हाई."

बाईंनी डबा विजेच्या तारेपासून सोडवला आणि जोडणी बदलली. अमृतरावांनी प्लग दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. टेस्टर पेटला नाही. काटा मात्र बराबर हलला.

यंत्राला पहिला नंबर मिळाला. परीक्षकांपुढं बाई म्हणाल्या, "धोका अमृतराव सरांनी दाखवला." बाकीचं त्यांनी सांगितलं नाही. टाळ्या वाजल्या. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अमृतरावांना वाटलं. बाईंचं मन मोठं होतं आणि तेही आता सगळ्यांना दिसत होतं.

परतीच्या एसटीत बाई पुढं बसल्या. अमृतराव मागच्या बाकावर, मांडीवर मुकी घंटा घेऊन. कळमनुरीला उतरताना बाई थांबल्या.

"उद्या ट्रान्सफॉर्मर परत देते, सर."

"राहू द्या," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना जड गेलं.