केटी म्हंजी काय?

"केटीकडं जाऊ नगंस रं, लई पानी हाय!" लहानपणी आई ओरडायची, तो आवाज कानिफनाथच्या कानात अजून होता. म्हणून नगरच्या कॉलेजच्या होस्टेलात सीनियर अमृतनं "केटी म्हंजी काय?" विचारलं, तेव्हा तो सरळ म्हणाला, "नदीवरचा बंधारा."

खोलीतली पोरं खदखदा हसली. "येड्या, विषय राहिला की केटी लागती!" अमृतनं कमरेचा पट्टा उपसला. मळणीत कणसं झोडपावीत तशी त्यानं कानिफनाथची पाठ झोडपली. रक्त बनियनला चिकटलं. "बाहेर बोललास तर मुडदा पाडीन."

सकाळी रेक्टरांना कानिफनाथनं सांगितलं, जिन्यावरून पडलो. संध्याकाळी मात्र त्याच खोलीतून दुसऱ्या नव्या पोराची किंकाळी आली. तो धावतच रेक्टरांच्या दारात गेला.

"सर, मी पडलो नव्हतो. अमृतनं मारलं. आत्ता त्या पोराला मारतोय, चला!"