घट्ट पाण्यावरचा संशय

मित्रांनो, मी सदर नावाच्या वस्तीतल्या एका लहान प्रयोगशाळेतला जुना व्हिस्कोमीटर आहे. पदार्थ किती घट्ट, किती पातळ, हे मी सांगतो. माझी मोटर स्टीलची एक दांडी पदार्थात फिरवते. वेगाचा हिशेब धरून, दांडीला जितका अडथळा, तितका मोठा आकडा मी दाखवतो.

मी नवा होतो, तेव्हा सगळे माझे कौतुक करायचे. रंग, शाम्पू, डिंक, सरबते, काय काय मोजले मी. मग दुसरे यंत्र आले आणि मी प्लास्टिकच्या पिशवीखाली कोपऱ्यात गेलो. "जुनं आहे, भरवसा नाही," एवढेच कानी पडायचे.

ते दुसरे यंत्र दुरुस्तीला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यातून भावनाताई आल्या. ज्यांना गिळता येत नाही, अशा रुग्णांवर त्या उपचार करतात. सोबत आया इंदूबाई होत्या आणि तिथले रुग्ण नत्थूजी यांचा मुलगा चेतन होता. लकव्यामुळे नत्थूजींना साधे पाणी पाजले की ते श्वासनळीत जाई. म्हणून इंदूबाई त्यात एक पावडर घालून ते घट्ट करत. आदल्या दिवशी चेतन तेच पाणी पाजत असताना ते गुदमरले. आता ते ऑक्सिजनवर होते आणि चेतनने इंदूबाईंना त्यांच्याजवळ येऊ देणे बंद केले होते.

"ग्लासात पाणी पातळ होतं," चेतन म्हणाला. "पावडर वाचवाले बाईनं वरून पाणी टाकलं."

"मी काहून टाकू जी?" इंदूबाई खाली बघत म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या प्रशिकने त्यांना तिथेच नेहमीसारखे पाणी तयार करायला सांगितले. चेतनची नजर त्यांच्या हातांवरून हलेना. मी हळू फिरलो. आकडा मोठा आला.

"इथं बरोबर केलं. सगळे पाहून राहिले ना," चेतन म्हणाला.

प्रशिकने माझा वेग वाढवला. आकडा धाडकन खाली आला.

"मशीनच बिघडली वाटते," प्रशिक पुटपुटला. सगळे माझ्याकडे संशयाने पाहू लागले. खरे सांगतो, मलाही माझी शंका आली. इतकी वर्षे झाली, आतली स्प्रिंग ढिली पडली असेल का?

प्रशिकने माझी दांडी पुसून तपासणीच्या तेलात बुडवली; त्या तेलाचा घट्टपणा वेगाने बदलत नाही. हळू फिरवले, जोरात फिरवले. दोन्ही वेळा आकडा तोच. म्हणजे मी ठीक होतो. त्याने पुन्हा ते पाणी घेतले, जोरात ढवळले आणि मला हळू फिरवले. आधी आकडा लहान होता. मग तो सावकाश चढत गेला.

"या पावडरीत पॉलिमर आहे," प्रशिक म्हणाला. "लांब लांब रेणू, दोऱ्यासारखे गुंतलेले. जोरात ढवळलं का ते सुटतात अन् पाणी पातळ होते. थोडं थांबलं का पुन्हा गुंततात."

भावनाताईंनी चेतनला विचारले, "काल पाजण्याआधी तू काय केलंस?"

तो म्हणाला, "गुठळ्या दिसल्या. मी चमच्यानं जोरात फेटलं."

"आणि?"

"लगेच पाजलं."

प्रशिकने माझी मोटर बंद केली. इंदूबाईंनी विचारले, "बाबुजी आता कसे आहेत?"

चेतनचे डोळे भरून आले. "तुम्ही परत चला, बाई. मी चुकलो."

"येतो. पण वार्डात सगळ्याइले सांगितलं ना तुम्ही, का मी पाणी टाकलं? आता तिथंच सांगा, का बाईनं पाणी नाही टाकलं."

चेतनने ते वार्डात सगळ्यांसमोर सांगितले. नत्थूजी हळूहळू सुधारले. इंदूबाई त्यांना घट्ट पाणी पाजत राहिल्या. हे मला नंतर भावनाताईंच्या बोलण्यातून कळले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला पुसून ठेवा, अधूनमधून तपासून पाहा. आणि कुणाचा आकडा अचानक बदलला, तर त्याला खोटा म्हणण्याआधी एवढे विचारा, की त्याला कुणी ढवळले तर नाही ना.