डोक्याच्या आतले शब्द

"फ्रिजवर चिठ्ठी लावली, खिडकीला लावली, बायको डुलक्या घेत होती तेव्हा तिच्या खुर्चीलाही लावली. आता हे 'माइंड' कुठं चिकटवू, तेवढं सांगा बाई," काझिमेरास म्हणाला.

"कपाळावर चिकटव," मी म्हणाले. "जागा रिकामी आहे म्हणून कुणी भाड्यानं तरी घेईल."

सगळे हसले. आउद्रोनेबाईंनी फळ्यावर खडू आपटला. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंची शिकवण्याची तऱ्हा एकच. नवा शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचा, वर इंग्रजी, खाली लिथुआनियन, आणि घरी जाऊन त्या त्या वस्तूवर डकवायचा. आमच्या घरांचा त्यापायी बाजार झाला होता. माझ्याकडे बटाट्याच्या पोत्यालाही चिठ्ठी होती.

गावाजवळच्या कुपिश्किस शहरातल्या वाचनालयात दर मंगळवारी सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा हा वर्ग भरायचा. कुणाची मुलं आयर्लंडला, कुणाची इंग्लंडला, कुणाची नॉर्वेला. नातवंडं तिकडचीच झालेली. फोनवर नातू हसतो, काहीतरी विचारतो, आणि आपण मेंढरासारखं त्याच्याकडे बघत बसतो. ती लाज घालवायला आम्ही जमायचो. स्वयंपाकघर झालं, विमानतळ झाला, औषधाचं दुकान झालं. आता बागकामाचा धडा लागणार होता. पण आदल्या मंगळवारी स्तेफाने हात वर केला होता आणि म्हणाली होती, "बागकाम नंतर. डोक्याच्या आतले शब्द शिकवा."

स्तेफानिया माझी शेजारीण. रेल्वेच्या फाटकावर तिने नोकरी केली, फाटक आपोआप उघडायला लागेपर्यंत. तिचं बोलणंही त्या फाटकासारखं होतं. वर, नाहीतर खाली. हो, नाहीतर नाही. अशा बाईने स्वतःहून काही मागितलं म्हटल्यावर आउद्रोनेबाईंना नाही म्हणवलं नाही.

बाईंनी फळ्यावर ओळी मांडल्या. थॉट म्हणजे मिंतिस, विचार. मेमरी म्हणजे आत्मिंतिस, आठवण. 'माइंड'पाशी मात्र त्या अडल्या. आमच्याकडे त्याला नेमका एक शब्द नाही. प्रोतास म्हणावं तर ती अक्कल झाली, सिएला म्हणावं तर आत्मा, म्हणजे पाद्रीबुवांचा प्रांत. बाईंनी दोन्ही लिहून मध्ये तिरपी रेघ मारली.

"दुःख राहू द्या, ते येतं मला," स्तेफा म्हणाली. "त्याच्या पुढचं सांगा. माणूस सकाळी उठतच नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. त्याला काय म्हणायचं?"

"डिप्रेशन," बाई म्हणाल्या. "आपल्याकडंही तेच. देप्रेसिया."

"ही नवी थेरं," काझिमेरास म्हणाला. "आपल्या वेळी त्याला आळस म्हणायचे."

"आपल्या वेळी त्याला हृदय म्हणायचे, काझिमेरास," स्तेफा म्हणाली. "तुला तर चांगलं माहीत आहे."

काझिमेरासचा चेहरा उतरला. वर्गात जी माणसं आमच्या गावची होती त्यांनी मिठाची गुळणी धरली.

सांगते काय ते. स्तेफाचा नवरा वात्स्लोवास आमच्या सामुदायिक शेतीवर मेकॅनिक होता. कसलाही बंद पडलेला ट्रॅक्टर तो शिव्या घालून चालू करायचा, आणि शिव्याही अशा की ऐकायला आम्ही बायका मुद्दाम थांबायचो. सोव्हिएत राज्य गेलं, सामुदायिक शेती मोडली, तेव्हा त्याची यंत्रं खोलून लोकांनी वाटून घेतली. कुणाला चाक, कुणाला नुसता नांगराचा फाळ. त्या हिवाळ्यात वात्स्लोवास अंथरुणाला लागला. ताप नाही, खोकला नाही. वसंत ऋतूत एके दिवशी उठला, दाढी केली, कोठारात गेला आणि स्वतःच्या हाताने जीव दिला. सगळ्यात आधी काझिमेरासने त्याला पाहिलं.

तेव्हाचे पाद्रीबुवा जुन्या वळणाचे, जीव देणं म्हणजे महापाप मानणारे. खरं कळलं असतं तर घंटा वाजली नसती आणि जागा मिळाली असती ती कुंपणाकडेची. म्हणून आरोग्यसेविकेने मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय' लिहिलं, आम्ही गावाने 'हृदय' म्हटलं, आणि वात्स्लोवास आपल्या आईबापांशेजारी रीतसर पुरला गेला. त्याचा मुलगा दारियुस तेव्हा एवढासा होता. त्यालाही हृदयच सांगितलं. एवढ्या वर्षांत एकाच्याही तोंडून दुसरा शब्द गेला नाही. आमच्या गावात कुणाच्या कोंबडीने अंडं दिलं तरी बोभाटा होतो, पण ही मूठ आम्ही झाकून ठेवली.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी बसमध्ये बसलो. मला राहवेना.

"का गं उकरतेस आता?"

स्तेफा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मिल्दा उठत नाही."

मिल्दा म्हणजे दारियुसची मुलगी. आयर्लंडमध्ये जन्मली, आई तिकडची. आमच्या भाषेतलं तिला चुलीपुरतंच यायचं. दूध दे, बटाटे छान, मोचुते ये. मोचुते म्हणजे आजी. दिसायला गोड आणि हुशार पोर. शाळा संपली, पुढं कॉलेजला नाव घातलं, आणि मग अंथरुणातून बाहेर येईना.

"डॉक्टरनं दारियुसला विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं काही झालंय का," स्तेफा म्हणाली. "हा म्हणाला, छे. आमच्यात सगळे दणकट. माझा बाप हार्टनं गेला. पोरगी समोर बसलेली. घरी आल्यावर म्हणाली, तुम्ही सगळे लोखंडाचे, मीच एक सडका बटाटा. पोत्यातून काढून टाका मला." ती थांबली. "काढून टाका म्हणाली, लिउत्सिया."

मी तिचा हात धरला. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला. "अगं, पण दारियुसचा विचार कर. बापाचं असं आता कळलं तर काय होईल त्याचं? आणि लोक?"

"लोकांना माहीतच आहे. माहीत नाही ते त्या दोघांनाच."

"मग दारियुसला फोन कर आणि आपल्या भाषेत सांग. तो सांगेल पोरीला. हे इंग्रजीचं सोंग कशाला?"

"आपल्या भाषेत निघत नाही तोंडातून. करून पाहिलं मी. एकटी उभी राहून, दार लावून. इंग्रजी शब्द मला दुखत नाहीत. काल शिकले, आज म्हणते. दगड उचलून ठेवल्यासारखे नुसते एकापुढं एक ठेवायचे."

मला ते पटलं नाही. बाई हट्टाला पेटली आहे असं वाटलं. पण दोन दिवसांनी मी सफरचंदं द्यायला तिच्या अंगणात गेले, आणि कोठाराच्या दारावर चिठ्ठी दिसली. त्या दाराला वात्स्लोवास गेल्यापासून कुलूप होतं. गवत कुठं ठेवायचं म्हणून स्तेफाने गाय विकली, पण कुलूप काढलं नाही. आता त्या कुलपाच्या वर कागद डकवला होता. वर इंग्रजीत 'इलनेस'. खाली आमचा शब्द, 'लिगा'. आजार. घराच्या उघड्या खिडकीतून स्तेफाचा आवाज येत होता. पाढे म्हटल्यासारखी ती तेच तेच म्हणत होती. सफरचंदं पायरीवर ठेवून मी मुकाट्याने परत आले आणि घरी येऊन रडले.

वेलिनेसला, म्हणजे मेलेल्यांच्या सणाला, दारियुस मिल्दाला घेऊन आला. सुनेला कामावरून सुटी नव्हती. दारियुस बापासारखाच दांडगा आणि तसाच मोठ्याने बोलणारा. पोरगी बारीक झालेली, हात बाह्यांच्या आत ओढून घेतलेले. स्तेफाने बटाट्याचं कुगेलिस भाजलं होतं. मिल्दाने त्याची एक कड खाल्ली आणि छान आहे म्हणाली.

"खा गं," दारियुस म्हणाला. "आजोबा तुझे अख्खा तवा संपवायचे. आमच्या घराण्याचं नाव घालवू नकोस."

पोरीने काटा खाली ठेवला. स्तेफाने माझ्याकडे पाहिलं. मी आपली काकडीचं लोणचं वाढत राहिले.

तिसऱ्या प्रहरी सगळे दफनभूमीवर गेलो. आमच्याकडे कबरीभोवती वाळू असते. सणाला ती दंताळ्याने विंचरायची, सरळ रेघा काढत, आणि मागे मागे सरकत बाहेर यायचं, म्हणजे आपल्या पावलांचा ठसा राहत नाही. वाळूवर पाऊल राहिलं तर घरची बाई गबाळी ठरते. स्तेफाची वाळू गावात सगळ्यात नीट. बाकीच्या बायका बोलत, हसत, मेणबत्त्या मागत विंचरायच्या. ही मान खाली घालून यायची, विंचरायची, मेणबत्ती लावायची आणि निघायची. त्या दिवशीही तिने तेच केलं, फक्त निघाली नाही. दंताळं हातात धरून उभी राहिली.

"मिल्दा," ती इंग्रजीत म्हणाली. "लिसन."

पोरीने मान वर केली. आजीच्या तोंडून तिने इंग्रजी कधी ऐकलं नव्हतं. दारियुस हसला. "वा आई! कधी शिकलीस?"

स्तेफाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती शब्द ठेवत गेली, एकापुढं एक. मला समजलं, कारण ते सगळे शब्द मी तिच्याबरोबरच शिकले होते. व्याकरणाचं नाव नको.

"आजोबा. हृदय चांगलं. हृदय नाही. आजोबा, मन आजारी. सगळा हिवाळा, अंथरूण. उठत नाही. बोलत नाही. मी म्हटलं, आळशी. मी चूक. तो आजारी. मग कोठार. एकटा. स्वतः." तिने श्वास घेतला. "तू पहिली नाही. तू सडका बटाटा नाही. तू आजारी. आजाराला डॉक्टर आहे. आजोबाला नव्हता. तुला आहे."

दारियुसचं हसू तसंच राहून गेलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं. "काय बोलतेयस तू?" तो आमच्या भाषेत म्हणाला. "आई? बाबांना हार्टचं होतं. आई, माझ्याशी बोल ना."

स्तेफाचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिचे इंग्रजी शब्द संपले होते आणि आमचा एकही निघत नव्हता. ती मुलाकडे नुसती बघत होती, आणि मला वाटलं की आता मीच पुढे व्हावं, सांगून टाकावं. पण माझीही जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यभर जिने माझा घात केला ती जीभ.

मिल्दा वाळू तुडवत कबरीवरून सरळ बापाकडे गेली. बाह्यांतून हात बाहेर काढले आणि त्याचं जाकीट धरलं. चुलीपुरत्या आपल्या भाषेत, एकेक शब्द शोधत ती म्हणाली, "बाबा. आजोबा आजारी होता. मी आजारी. तसंच."

वात्स्लोवासच्या बाबतीत तो शब्द आमच्या भाषेत, मोठ्याने, पहिल्यांदा उच्चारला गेला. शेजारच्या कबरींवरच्या बायका विंचरायच्या थांबल्या. काझिमेरास हातात मेणबत्ती घेऊन दोन ओळी पलीकडे उभा होता. तो टोपी काढून जवळ आला.

"तुला कुणीच सांगितलं नाही, दारियुस," तो म्हणाला. "फक्त आईनंच नव्हे, आम्ही कुणीच नाही. मी होतो तिथं. तुला जे विचारायचंय ते मला विचार."

दारियुस मटकन वाळूतच बसला. एवढा मोठा गडी, गुडघे जवळ घेऊन. मग म्हणाला, "मला वाटायचं मी दंगा केला म्हणून त्यांचं हृदय बंद पडलं. आदल्या दिवशी मी काच फोडली होती."

स्तेफाच्या तोंडून एक आवाज निघाला, कुठल्याच भाषेतला नाही. ती मुलाजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. त्याने तिचा कोट घट्ट धरला. मिल्दा खाली वाकली, मेणबत्ती पेटवली, वारा लागून विझली, पुन्हा पेटवली आणि दगडाच्या आडोशाला नीट ठेवली. घाईने नाही. तिला कुठे जायचं नव्हतं.

अंधारायला लागलं तशी माणसं पांगली. दारियुस आणि काझिमेरास फाटकापाशी बोलत उभे होते, म्हणजे काझिमेरास बोलत होता आणि दारियुस ऐकत होता. मिल्दा आजीचा हात धरून थांबली होती. मी वाळूकडे पाहिलं. बुटांचे ठसे, बसल्याचा खळगा, पोरीची इकडून तिकडे गेलेली पावलं. एक रेघ धड राहिली नव्हती.

"स्तेफा," मी म्हणाले, "दंताळं आण इकडं. मी विंचरते."

तिने दंताळं झाडाला टेकवून ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "माणसं येऊन गेलीत."