फळ्यावरचे दहा

"मोजणी?" सर्जननी पोट शिवायची सुई हातात घेत विचारलं.

"दहा. जुळतेय," धाकटी सिस्टर म्हणाली आणि सवयीनं तिनं मोठ्या सिस्टरकडे पाहिलं.

फळ्यावरही दहाच होते. रक्त टिपायच्या जाड कापडी घड्या, म्हणजे मॉप, आधी मोजून घ्यायचे, मध्ये एखादा वाढवला तर फळ्यावर मांडायचा आणि पोट शिवण्याआधी सगळे परत मोजायचे. चौतीस वर्षं हा फळा मोठ्या सिस्टरच्या ताब्यात होता. तिनं 'बरोबर' म्हटल्याशिवाय इथे टाका पडत नसे. एक वेळ देव चुकेल, पण सिस्टर नाही, असं सर्जन नव्या डॉक्टरांना चेष्टेनं सांगायचे आणि ती खोटंखोटं रागवायची.

आज तिच्या तोंडून 'बरोबर' निघेना.

अर्ध्या तासापूर्वी पोटातून अचानक जास्त रक्त वाहू लागलं होतं आणि सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती. तेव्हा आपण आणखी एक पाकीट फोडलं का? फोडलं असेल तर मांडलं का? तिनं आठवून पाहिलं. एरवी विसरलेली गोष्ट निदान जिभेवर तरी घोळते. इथे नुसती कोरी जागा होती. ती मनातून पार घाबरली.

गेल्याच महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांनी तिला तिच्या मेंदूचा फोटो दाखवला होता. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्यांबद्दल सगळे बोलतात, पण वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या बारीक शिराही वयानं जाड होतात. मग निचरा नीट होत नाही आणि भोवतालचा भाग हळूहळू बिघडतो. तुमच्या विसरण्यात त्याचाही वाटा असावा, ते म्हणाले. जोखमीचं काम सोडा, असंही म्हणाले. तिला हसूच आलं. जन्मभर तिनं लोकांच्या हातावरची शीर पहिल्या सुईत शोधली, आणि दगा दिला तो तिच्याच शिरांनी. निवृत्तीला पाच महिने होते. तेवढे ढकलू म्हणून तिनं तपासणीचे कागद कपाटात टाकले आणि कुणाला काही सांगितलं नाही. चुकलंच तिचं. पण चौतीस वर्षांत कमावलेलं नाव सुखासुखी कोण सोडतं?

"सिस्टर, बोला की. प्रेशर उतरतंय हिचं," सर्जन म्हणाले.

टेबलावर दोन मुलांची आई होती. 'बरोबर' म्हटलं तर ते खरंही असेल. फळ्यावर दहा, हातात दहा. उद्या काही झालं तरी तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

"शिवू नका," ती म्हणाली.

"का? जुळतेय ना मोजणी?"

"फळा मी लिहिलाय, सर. त्याच्यावर विसंबू नका. मला विसरायला होतं. डॉक्टरांनीच सांगितलंय तसं."

सर्जनच्या डोळ्यांत राग दिसला. थांबायला वेळ नाही, असं ते म्हणेपर्यंत तिनं कचऱ्याची बादली जमिनीवर उपडी केली होती. प्रत्येक मॉपचं पाकीट वेगळं असतं. ती गुडघ्यांवर बसून रिकामी पाकिटं एकेक करून मांडू लागली आणि धाकटी मोठ्यानं मोजू लागली. पाकिटं अकरा निघाली.

सर्जननी पुन्हा पोटात हात घातला. यकृताच्या मागून रक्तानं भिजून गोळा झालेला एक मॉप बाहेर आला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग भराभर टाके पडले आणि प्रेशर सावरलं.

बाहेर आल्यावर सर्जननी मास्क उतरवला. त्यांचा राग ओसरला होता. "तुम्ही होतात म्हणून वाचली ती."

"मी होते म्हणूनच तो आत राहिला, सर. उद्यापासून मी आत येत नाही."



चुका नोंदवायचं रजिस्टर धाकटी लिहायला निघाली होती, ते मोठ्या सिस्टरनं स्वतःकडे ओढून घेतलं. "किती वाजले गं?" तिनं विचारलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तसं धाकटीनं सांगितलं. एक मॉप दिला, मांडला नाही, चूक माझी, असं तिनं आपल्या गोल अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मग वेळेच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"किती वाजले गं?"

धाकटीनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजून अकरा, ताई," ती म्हणाली, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.