सोमवारचं दप्तर

देवानंदनं लेकीचं दप्तर पलंगावर उलटं केलं आणि दोन पावलं मागे सरला. टोक नसलेल्या सात पेन्सिली, वेगवेगळ्या जोडीतले दोन मोजे, अर्धी चिक्की आणि डायरी. डायरीत बाईंचे लाल शाईतले तीन शेरे: वही नाही. वही नाही. पुन्हा वही नाही.

“चौथा आला तर मम्मी नोकरी सोडणार,” पाचवीतली अक्षता खाली मान घालून म्हणाली.

खोटं नव्हतं. सहा वर्षं वाट पाहून सत्यशीलाला आष्टीच्या दवाखान्यात नर्सची जागा मिळाली होती. आठवडाभर ती तिथंच खोली घेऊन राही, शनिवारी दुपारी जालन्याला येई. “घरची घडी बसत नसेल तर या शनिवारी डायरी बघून ठरवते,” असं बजावून ती काल गेली होती. आणि ती बोलली की करतेच.

देवानंद स्टीलच्या कारखान्यात होता. शिस्त म्हणजे कारखान्याची, दुसरी त्याला ठाऊक नव्हती. तिथं भोंगा झाला म्हणून कोणी निघून जात नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला आधी चार्ज द्यावा लागतो, एकेक हत्यार हात लावून दाखवावं लागतं.

“मी नाव घेतो, तू हात लाव. इंग्रजी?”

“आहे.”

“गणित?”

“वही आहे. पुस्तक न्हाई.”

“मंग जल्दी शोध. अर्धा चार्ज मी घेत न्हाई.”

पुस्तक फ्रिजवर सापडलं. ते तिथं कसं गेलं हे विचारायचं नाही, एवढं शहाणपण बापाकडे होतं.

गुरुवारपर्यंत सगळं बराबर चाललं. शुक्रवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. त्या संध्याकाळी तर त्यानं दप्तर ओल्या फडक्यानं पुसलं, पेन्सिलींना टोकं केली, वेळापत्रकात बघून एकेक विषय भरला. अक्षता प्रत्येक नावाला “आहे” म्हणत गेली. मध्येच एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

सकाळी पावणेसातला दारात रिक्षाचा हॉर्न वाजला. देवानंद तोंडात ब्रश घेऊनच धावला.

“एवढ्या लवकर काय, तातेराव?”

“शनिवार हाय ना आज. सकाळची शाळा!” रिक्षावाला हसला.

देवानंदनं तोंडातला ब्रश काढला. पंधरा वर्षं ज्याचा रविवार शुक्रवारीच येतो, त्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी सोमवारच उजाडतो. त्यानं दप्तर सोमवारचं भरलं होतं. चौथा शेरा आता त्याच्याच कृपेनं येणार होता.

वळून बघतो तर अक्षता कवायतीच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये तयार, दप्तर पाठीला.

“सोमवारचं सगळं टेबलावर काढून ठेवलंय, पप्पा. आज चित्रकला असते.”

“मंग काल का न्हाई बोलली?”

“तुम्ही लई खुशीत भरून राह्यल्ते.” रिक्षात चढता चढता तिनं आवाज खाली आणला. “मम्मीला सांगू नका.”

दुपारी सत्यशीलानं चपला काढायच्या आधी डायरी मागितली. नवा शेरा नव्हता.

“पप्पाला जमतंय का गं? खरं सांग.”

“एकदम बराबर,” अक्षता छताकडे बघत म्हणाली.

देवानंदला गप्प बसता आलं असतं. बायकोची नोकरी त्यालाही हवीच होती. पण खोटा चार्ज द्यायची त्याला सवय नव्हती.

“न्हाई जमलं,” तो म्हणाला. “काल मी सोमवारचं दप्तर भरल्तं. सकाळी हिनं एकटीनं नीट केलं.”

अक्षताचा चेहरा रडवेला झाला. बापानंच घात केला होता.

सत्यशीला तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षं हे दप्तर तिनं स्वतः भरलं होतं, आणि रोज तीन हाका मारल्याशिवाय ही पोरगी उठली नव्हती.

“कोणी उठवलं तुला?”

“कोणीच न्हाई.”

सत्यशीलाचे डोळे भरून आले. तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा ती लिहूनच आली होती. तो उलटा करून कोरी बाजू तिनं लेकीपुढे ठेवली.

“तुझं वेळापत्रक लिही यावर, मोठ्या अक्षरात,” ती म्हणाली. “आणि शनिवार सगळ्यात वर लिही. पप्पाला दिसला पाहिजे.”