दिसेल असं बघणं

रिव्हर्स टाकण्याआधी उत्तराने उजव्या खांद्यावरून असं वळून पाहिलं, की शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनीही दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नुसता बर्फ होता.

ही तिची तिसरी ड्रायव्हिंग टेस्ट. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत लायसन्स नसलेल्या माणसाची नोव्हेंबर ते मार्च घरातल्या फर्निचरमध्ये गणना होते. त्यात सोमवारपासून उत्तराचा नर्सिंगचा कोर्स सुरू होत होता. कॉलेजकडे बस जात नव्हती, आणि नवऱ्याचं, श्रीरंगचं, ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. आज नापास म्हणजे कोर्स गेला.

आधीच्या दोन्ही टेस्टच्या कागदांवर एकच शेरा होता : आरसे पाहत नाही.

"पाहते मी!" ती रडकुंडीला आली होती. "मागच्या गाडीतली बाई लिपस्टिक लावत होती, तेसुद्धा दिसलं मला."

शेवटी परवा शेजारच्या कांचनमावशी तिच्या बाजूला बसल्या. सगळा वेळ रस्ता सोडून त्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

"सासरी किती वर्षं राहिलीस गं?"

"सहा. का?"

"तरीच. मान खाली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं घर बघायचं. ट्रेनिंग फर्स्ट क्लास झालंय तुझं. पण इथे नुसतं बघून भागत नाही. तू बघतेस, हे त्या परीक्षक बाईला दिसलं पाहिजे. मान वळव."

मागच्या सीटवरचा श्रीरंग खिडकीबाहेर काहीतरी शोधू लागला.

आज उत्तराने मानेला जराही विश्रांती दिली नाही. प्रत्येक आरशाला हनुवटी उचलून दर्शन दिलं. रिकाम्या चौकात तर तिने दोन्ही बाजूंना इतकं निरखून पाहिलं, की तिथून कोणीतरी यायलाच हवं होतं.

गाडी थांबली. बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग स्वतःची मान चोळत त्या हसल्या.

"पास."

उत्तराने सोडलेल्या श्वासाने पुढची काच धुरकटली.

बाई आत गेल्या तसा श्रीरंग धावत आला आणि तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

"पास झालीस ना? वा! सरक आता, मी चालवतो. रस्ता फार निसरडा आहे."

उत्तरा त्याच्याकडे बघत राहिली. सरळ, सावकाश. हात स्टीअरिंगवरच होते.

श्रीरंगने दार हळूच लावलं. पलीकडे जाण्यासाठी तो बॉनेटसमोरून निघाला, आणि रस्ता ओलांडताना थांबलेल्या अनोळखी गाडीला इथे आभारादाखल दाखवतात तसा त्याने आपसूक एक हात वर केला.